थीम भिंतीवरून खाली उतरवा

नागपुरात आता चार वर्षांच्या लेकराचा वाढदिवस म्हटला की पहिला प्रश्न येतो, "थीम काय ठेवली?" जेवायला काय, बोलवायचं कोणाला, हे सगळं नंतर. मनीषनगर-बेसाकडची नवी फ्लॅट स्कीम असो की महालातलं जुनं घर, प्रश्न तोच. उत्तरंही ठरलेली. जंगल, अंतराळ, युनिकॉर्न, डायनासोर, नाहीतर त्या महिन्यात टीव्हीवर चालणारं एखादं कार्टून. डेकोरेशनवाल्याला फोन जातो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो, त्यातला एक पसंत होतो आणि ठरल्या संध्याकाळी हॉलच्या एका भिंतीला फुग्यांची कमान चढते. मधोमध मुलाचं नाव, थर्माकोलच्या अक्षरांत. झाली थीम.

या प्रकारावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. काहींच्या मते हे परदेशी खूळ आहे; मेणबत्ती विझवणं अशुभ, पाटावर बसवून औक्षण करा आणि मोकळे व्हा. काहींना पैशाची चीड येते. "आमच्या वेळी शिरा व्हायचा, नवा सदरा मिळायचा, आम्ही काय वाढलो नाही का?" पहिल्या वादात मला रस नाही. बहुतेक घरांत आता आधी औक्षण होतं आणि मग केक कापला जातो, आणि ताम्हनातल्या निरांजनाला शेजारच्या केकचा काही त्रास होताना दिसत नाही. दुसऱ्या वादात तथ्य आहे, पण तो अर्ध्या रस्त्यात थांबतो. खर्च कमी केला म्हणून वाढदिवस मुलांचा होतो असं थोडंच आहे? मोठ्यांचा कार्यक्रम स्वस्तातही होऊ शकतो.

माझं म्हणणं असं की थीम ही मुळात फार चांगली कल्पना आहे. लहान मुलांच्या स्वभावाला इतकं जुळणारं दुसरं काही वाढदिवसाच्या कार्यक्रमात नाही. आपण ती चुकीच्या जागी लावली, एवढंच. थीम भिंतीवर गेली आणि पोरं तिच्यासमोर खुर्च्या मांडून बसली. शिवाय एका घराची हौस वर्गातल्या बाकीच्या घरांवर, सोसायटीच्या गच्चीवर आणि शेवटी भांडेवाडीच्या कचरा डेपोवर जाऊन पडते. त्यामुळे "आमचं लेकरू, आमचा पैसा" एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही.

आधी मुलांकडे बघू. तीन ते सहा वर्षांच्या मुलाने ठोकळा कानाला लावला की फोन होतो, लोड आडवा टाकला की घोडा होतो, आजीच्या पलंगाखाली गुहा असते. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. आपण अमुक आहोत असं मानून खेळणं हेच त्या वयाचं काम. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने बालवाडीतल्या मुलांचा खेळ निरखून १९३२ साली त्याचे टप्पे मांडले. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ते अजून शिकवले जातात. अगदी लहान मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. एकमेकांच्या खेळात शिरणं आणि पुढे नियम ठरवून मिळून खेळणं, हे हळूहळू येतं.

हे डोक्यात ठेवून आपल्याकडची एक नेहमीची पार्टी बघा. वाढदिवस दोन वर्षांच्या मुलाचा. हॉल भरलेला, पोरंच पंचवीस-तीस. अँकर माइकवरून ओरडतोय, "चलो बच्चो, सब लोग सर्कल बनाओ!" सर्कल कुठून बनणार? अर्धी मुलं आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभी आहेत, दोघंतिघं कमानीतले फुगे फोडून राहिलेत, आणि ज्याचा वाढदिवस त्याने कार्टूनचा मुखवटा घातलेल्या माणसाला बघून भोकाड पसरलंय. त्या मुखवट्याच्या आतल्या माणसाची मला नेहमी दया येते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तो केसाळ पोशाख चढवून नाचायचं म्हणजे साधी मजुरी नाही. पण दोन वर्षांच्या जिवाला एवढंच कळतं की चेहरा न हलणारं काहीतरी सहा फुटी आपल्या अंगावर येतंय.

म्हणून वय पहिलं, थीम नंतर. जितकं मुलाचं वय, त्यापेक्षा एखाददुसरं जास्त इतकीच पाहुणी मुलं बोलवावीत, असा ठोकताळा परदेशात पुष्कळ पालक पाळतात. आपल्याकडे आत्या, मावश्या, मामा आणि त्यांची पोरं एवढ्यातच हा आकडा संपतो, हे मान्य. पण मोठ्यांचं जेवण आणि मुलांचा खेळ हे दोन वेगळे कार्यक्रम करायला कोणी अडवलंय? खेळ संध्याकाळी पाच ते सात. मे महिना असेल तर सकाळी आठला, कारण पारा पंचेचाळीसवर असताना दुपारी चारला इथल्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवून दाखवावा कोणीही. पाहुण्यांची पंगत रात्री खुशाल बसू द्या. केक मात्र मुलांच्या वेळेला कापा. "काका अजून वर्धा रोडवर ट्रॅफिकमध्ये आहेत" म्हणून साडेनऊपर्यंत पेंगणाऱ्या पोरांसमोर ठेवलेला केक हा मला फुग्यांच्या खर्चापेक्षा मोठा अन्याय वाटतो.

गंमत अशी की थीम ठरवून लहान मुलांचा सोहळा करणं आपल्याला नवीन नाही, नागपूरला तर नाहीच. बोरन्हाण घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुलाला पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे. ते जमिनीवर पडले की जमलेली पोरं तुटून पडतात. रंग ठरलेला, पोशाख ठरलेला, खाऊ ठरलेला आणि खेळ त्या खाऊतच. वर्षाच्या बाळाला नुसतं बसायचं आहे, पाच वर्षांच्याला लुटायचं आहे. ज्याच्या वयाला जे जमेल ते त्याच्या वाट्याला. अँकर लागत नाही. (आता बोरन्हाणालाही मागे पतंगांचा फ्लेक्स आणि पुढे फोटोग्राफर आला आहे. बोरं ओततानाचा फोटो नीट आला नाही म्हणून ती गोळा करून पुन्हा ओतलेली मी पाहिली आहेत.)

मग तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात तो सुरू झाला असं नागपूरकर सांगतात. मोठ्या पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. लाकडी बैल, त्याला चाकं, गळ्यात घुंगरं आणि पुढे दोरी. पोरं धोतर-फेटा बांधून किंवा कसलंतरी सोंग घेऊन तोरणाखाली रांग लावतात, पूजा होते, मग बैल ओढत घरोघरी जाऊन बोजारा गोळा करतात. कोणी पैसे देतं, कोणी खाऊ. आजचा इव्हेंटवाला ज्याचे वेगवेगळे पैसे लावतो ते सगळं यात आहे: पोशाख, मिरवणूक, बक्षीस, रिटर्न गिफ्ट. पण मला त्यातली दोरी महत्त्वाची वाटते. ती मुलाच्या हातात असते. बैल त्याने ओढला तरच पुढे जातो. इथेही स्पर्धा शिरली आहेच. काही बैल आता टेम्पोतून येतात, पोरगं बाजूला उभं आणि बाप ओढतोय. पण अशा बापाला लोक हसतात. फुग्यांच्या कमानीला कोणी हसत नाही, उलट तिचा पत्ता विचारतात.

त्याच दिवशी शहरात मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी, पिवळी, आणि त्यांच्यामागे बडगे. बांबू, कागद, चिंध्या जोडून वस्त्या-वस्त्यांत केलेले. दरवर्षी बडग्याचा विषय निराळा, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी रोगराई. "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक रस्त्यावर येतात. म्हणजे थीम कशाला म्हणतात हे नागपूरला कोणी शिकवायची गरज नाही. विषय ठरवायचा, तो हाताने घडवायचा, त्याच्याशी खेळायचं आणि दिवस संपला की तो संपवायचा. आणि भुलाबाई आठवा, भोंडल्यासारखा पोरींचा गाण्यांचा सण. गाणी झाली की खाऊचा डबा झाकणासकट हलवून दाखवायचा आणि आवाजावरून पोरींनी आत काय ते ओळखायचं. कोरडं की ओलं, गोड की तिखट, लाडू की चिवडा. लहान मुलांच्या पार्टीसाठी यापेक्षा बिनखर्चाचा आणि बिनगोंगाटाचा खेळ मला तरी माहीत नाही. तीन वर्षांचंही खेळतं, आजीही खेळते.

एक गैरसमज मात्र नको. युनिकॉर्न हाकला आणि भुलाबाई बसवा, असं मी म्हणत नाही. मुलीला युनिकॉर्न आवडतो तर युनिकॉर्न आणा. तो कुठल्या देशातून आला हे तिला विचारू नका, तिच्या सगळ्या गोष्टी कुठून तरी आलेल्याच आहेत. विचारायचं ते हे, की या युनिकॉर्नचं मुलं आज संध्याकाळी करणार काय? नुसता त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढणार असतील तर तो फ्लेक्स आहे. त्याचं शिंग हरवलं असेल, ते सोसायटीत शोधायचं असेल, सापडल्यावर त्याला लोकरीची आयाळ चिकटवायची असेल, तर ती थीम.

समजा मुलाला रेल्वेचं वेड आहे. नागपुरात हे वेड असणं स्वाभाविकच. देशाच्या चारही दिशांच्या गाड्या इथून जातात आणि चारही दिशांचे रूळ एकमेकांना छेदतात ते डायमंड क्रॉसिंग आपल्या गावातलं. बाजारातला रेल्वेचा सेट म्हणजे इंजिनाचं कटआउट आणि परदेशी वाफेच्या गाडीचे फुगे. त्याऐवजी गच्चीवर खडूने एकमेकांना छेदणारे दोन रूळ काढा. मुलांच्या दोन गाड्या करा, एकमेकांचा सदरा धरून. एका मुलाच्या हातात लाल-हिरवी झेंडी द्या. चौकात एका वेळी एकच गाडी जाईल, दुसरीने थांबायचं. चार-पाच वर्षांची मुलं या एका नियमावर अर्धा तास रमतात, कारण थांबण्याची सत्ता झेंडीवाल्याकडे असते आणि झेंडी दर फेरीला दुसऱ्याकडे जाते. सतरंजीवर अजनी, खापरी, बुटीबोरी, सिंदी, सेवाग्राम अशा पाट्या लावा, प्रत्येक स्टेशनवर वेगळा खाऊ, तिकीट पुठ्ठ्याचं आणि तिकीट तपासायला आजोबा. आजोबा हे काम फार गंभीरपणे करतात, असा अनुभव आहे. बुटीबोरीला आलूपोंगे ठेवले तर गाडी तिथून हलत नाही. बोटांत पोंगे घालून खाणं हा त्या वयाचा स्वतंत्र कार्यक्रमच असतो. सकाळी जमलं तर दोनचार मित्रांना घेऊन कडबी चौकातलं नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय दाखवून आणा, म्हणजे संध्याकाळच्या खेळाला बोलायला विषय मिळतो.

किंवा जंगल घ्या, सगळ्यात जास्त खपणारी थीम. जंगल म्हणून भिंतीवर काय येतं? जिराफ, झेब्रा, सिंह. नागपूरपासून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर पेंच आणि ताडोबा, घरात कोणीतरी वाघ पाहिलेला आणि त्याची गोष्ट दर दिवाळीत थोडी वाढवून सांगणारा एक काका, आणि पोराच्या वाढदिवसाला आफ्रिका. जिराफाशी माझं भांडण नाही. पण आपल्या जंगलात खेळ भरलेला आहे. वाघ निघाला की वानर झाडावरून ओरडतं, चितळ हाक देतं, सगळं जंगल थबकतं. हाच खेळ. एकजण वाघ, एकजण वर खुर्चीवर वानर, बाकी चितळ. वानराने आवाज दिला की सगळ्यांनी जागच्या जागी पुतळा व्हायचं, हललेल्याला वाघ नेणार. जिन्यापासून गच्चीपर्यंत रांगोळीने वाघाचे ठसे काढून ठेवा, मुलं वाकून वाकून शोधत जातात. शेवटी गुहा, म्हणजे टेबलावर टाकलेली जुनी चादर, आणि आत केक. त्या गुहेत शिरायला पोरं जी धक्काबुक्की करतात ती कुठल्याही मिकी माउसच्या जंपिंगवर होत नाही.

अंतराळ हवं असेल तर रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात आधी एक शो, मग घरी काळोख्या खोलीत टॉर्च. जानेवारीत वाढदिवस असेल तर संत्र्यांचा बाजार मांडा, तराजू द्या, सोलायला बसवा. मुद्दा कळला असेल. यादी करत बसत नाही.

महामेट्रोने मध्यंतरी 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स' नावाने वाढदिवसासाठी मेट्रोची गाडी भाड्याने देण्याची योजना आणली. मला ती कल्पना हॉलपेक्षा शंभरपट आवडली होती. चालती गाडी, काचेबाहेर सीताबर्डी, अंबाझरी, सगळं शहर खालून सरकतंय. पण तिथले फोटो बघितले तर डब्यातही तीच कमान, तेच फुगे, आणि पोरांची पाठ खिडकीकडे. खिडकी हीच थीम आहे हे कोणी तरी आईबापांना सांगायला हवं होतं.

हातात जे आहे त्यातून बालशिक्षण उभं करण्याची मोठी परंपरा महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा महागडी माँटेसरी साधनं आणणं शक्य नव्हतं. त्यांनी बिया, शिंपले, पानं, दगड, माती यांतून साधनं घडवली. मुलांचं त्यात काही अडलं नाही. जंगलात, समुद्रकाठी मुलांना जे ओळखीचं होतं तेच शाळेत आलं. आपण त्याच महाराष्ट्रातले आणि आपल्या मुलाला वाटाण्याच्या शेंगा सोलू देण्याऐवजी प्लास्टिकचा वाटाण्याचा सेट आणतो. मग तो सेट पाचव्या दिवशी पलंगाखाली जातो आणि आपण म्हणतो, "याला कशाचंच कौतुक नाही."

आता घराबाहेरचा भाग. नर्सरीच्या वर्गात तीस मुलं धरा. एका घराने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना आमंत्रण टाकलं, रिटर्न गिफ्ट म्हणून पाण्याची बाटली आणि डबा दिला, की पुढच्या घराला त्याच्या खाली जाता येत नाही. कोणी जबरदस्ती करत नाही, आणि तरीही जबरदस्ती असते. ज्यांना झेपतं ते हसत करतात, ज्यांना झेपत नाही ते क्रेडिट कार्डावर करतात किंवा त्या दिवशी मुलाला गावाला नेतात. चार वर्षांच्या मुलाला बाटलीची किंमत कळत नाही. ती त्याच्या आईला कळते आणि तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू त्यालाही कळायला लागते. शाळांनी इथे लक्ष घालावं असं माझं स्पष्ट मत आहे. वाढदिवस बंद करू नयेत. महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांचा एक दिवस करावा, वर्गाने मिळून एक खेळ खेळावा, खाऊ शाळेने एकसारखा द्यावा आणि भेटवस्तू वर्गात वाटायला मनाई असावी. खासगी पार्टीवर शाळेचा ताबा नाही, नसावाही. पण वर्गाचा ग्रुप हे त्या पार्टीचं आमंत्रणपत्र होऊ नये, एवढं शाळा नक्की सांगू शकते.

कचऱ्याचं तर नियमांतच लिहून ठेवलंय. महाराष्ट्राने थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटं-वाट्यांवर २०१८ मध्येच बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे चमचे, पेले, स्ट्रॉ आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक बॅनर बंद आहेत. वाढदिवसाच्या सामानाची यादी पुढे ठेवून कोणी नियम लिहायला बसलं असावं असं वाटतं. आणि तरीही शहरातल्या हॉलमध्ये दर रविवारी हे सगळं हजर असतं. रबरी फुगा या बंदीत नाही, पण त्याचे दुसरे हिशेब आहेत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकला तर तो श्वासनलिकेवर चिकटून बसतो आणि काढणं कठीण जातं. म्हणूनच आठ वर्षांखालच्या मुलांना फुगे देताना काळजी घ्या असं अमेरिकेत फुग्याच्या पाकिटावर छापावं लागतं. हवेत उडणाऱ्या फुग्यात हेलियम असेल तर आगीचं भय नाही, पण तो महाग, त्यामुळे स्वस्तातला फुगेवाला हायड्रोजन भरतो आणि हायड्रोजन ठिणगीची वाटच पाहत असतो. पेटत्या मेणबत्तीसमोर स्नो स्प्रे उडवणं हाही तसलाच प्रकार. त्याच्या डब्यात दाबून भरलेला वायू बहुधा ज्वलनशील असतो. एवढा सगळा धोका फक्त केक कापतानाच्या दहा सेकंदांच्या व्हिडिओसाठी.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: "आम्ही दोघंही नोकरी करतो, रेल्वेचे रूळ काढत बसायला वेळ कुठे आहे?" हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. मिहानमधल्या एखाद्या कंपनीत शिफ्ट करून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या आईला पोळीच्या डब्याचीच चिंता असते. पॅकेज घेणं हा आळस नाही, ती थकलेल्या माणसाची सोय आहे. पण या सोयीत वेळ खरंच वाचतो का, ते एकदा कागदावर मांडून बघा. हॉल बघायला दोन चकरा, डेकोरेशनवाल्याशी शंभर मेसेज, पोशाखासाठी सीताबर्डी, रिटर्न गिफ्टसाठी इतवारी, मेनूची चव घ्यायला एक संध्याकाळ. हीच संध्याकाळ मुलासोबत पुठ्ठ्याची तिकिटं कापण्यात गेली तर काम तेवढंच होतं, फक्त त्यात मूल असतं. आणि पार्टीची तयारी हा मुलाच्या लेखी पार्टीचा भाग आहे; तिकिटांवर शिक्के मारायचे त्याला आठ दिवस पुरतात.

दुसरं उत्तर जास्त अडचणीचं आहे. डेकोरेशनवाले, फुगेवाले, टॅटूवाल्या मुली, बुढ्ढी के बालवाला, पॉपकॉर्नवाला यांचं काय? यातले बरेचजण स्वतः फार कमावत नाहीत. एका रविवारी तीन कमानी उभारणारा मुलगा इतवारीतून फुग्यांची पाकिटं उधारीवर उचलतो. त्याच्या पोटावर पाय देऊन मुलांचे वाढदिवस सुधारा असं मला म्हणायचं नाही. पण तो कमान विकतो कारण आपण कमान मागतो. त्याला कापडी तोरणं, लाकडी सिग्नल, गुहेचा तंबू, वाघ-वानरांचे कापडी मुखवटे असे संच करून भाड्याने द्यायला सांगा. संच वर्षभर टिकतो, दर वेळी नवं सामान घ्यावं लागत नाही, त्याचाही फायदा होतो. चितारओळीतल्या मूर्तिकारांचे हात तर गणपती-नवरात्र आटोपल्यावर पुष्कळसे रिकामे असतात. लगद्याचा डायनासोर त्यांना अवघड नाही. मागणी बदलली तर त्यांचा व्यवसाय बुडणार नाही, फक्त त्यातली फुग्यांची पाकिटं कमी होतील.

आणि जागा. दोन खोल्यांच्या घरात पंधरा मुलं धावू शकत नाहीत म्हणून लोक हॉल घेतात, हे नागपूरच्या वाढदिवसांचं खरं दुखणं आहे. इथे महापालिकेने हात घालायला हवा. शहरभर तिच्या बागा आहेत. त्यातल्या मोठ्या बागांत झाडाखालचा एखादा कोपरा, पाणी, एक नळ आणि बसायला चौथरा एवढं करून संध्याकाळी दोन तासांसाठी नाममात्र शुल्कात लहान मुलांच्या वाढदिवसाला द्यावा. अटी साध्या: वीसपेक्षा जास्त मुलं नाहीत, स्पीकर नाही, फुगे-थर्माकोल नाही, ताटं घरून आणायची आणि घरी न्यायची, आणि बागेत खेळायला आलेली इतर पोरं खेळात शिरली तर त्यांना हाकलायचं नाही. शेवटच्या अटीवर सगळ्यात जास्त भांडण होईल, हे मी आत्ताच लिहून ठेवतो. पण तान्ह्या पोळ्याला दारात आलेल्या मुलाला, ते कोणाचं आहे हे न विचारता बोजारा देणारं शहर आहे हे. दोन जास्तीच्या पोरांना केकचा तुकडा द्यायला त्याची हरकत नसावी. भांडण झालं तर बागेच्या माळ्याने सोडवायचं की वाढदिवस असलेल्या मुलाच्या आजीने, एवढं महापालिकेने नियमावलीत नक्की करून टाकावं.